मुलगा त्यांचा, मुलगी तुझी?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

वाचक नाशिकच्या, वय 38. एका लॅबमध्ये नोकरी, पगार 32,000. नवरा सातपूरच्या कंपनीत, पगार 70,000च्या आसपास. लग्नाला चौदा वर्षं झाली. मारझोड, व्यसन असं काही नाही, पण दोघांमधलं बोलणं कधीच संपलेलं. चौदा महिन्यांपासून नवरा कंपनीजवळ खोली घेऊन राहतो. मुलगा 11 वर्षांचा, मुलगी 4 वर्षांची, दोघंही आईजवळ. 2017 साली दोघांच्या नावावर फ्लॅट घेतला. सुरुवातीचे सहा लाख वाचकाच्या वडिलांनी दिले, बाकी कर्ज. हप्ता नवऱ्याच्या खात्यातून जातो.

गेल्या महिन्यात घटस्फोटाच्या बोलण्यांसाठी निफाडला सासरी बैठक झाली. मोठे दीर, मामेसासरे आणि वाचकाचा भाऊ यांनी तोडगा काढला: मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे, फ्लॅट दोन्ही मुलांच्या नावावर. सासूबाईंच्या लॉकरमधलं सोनं तिथंच राहील, मुलीच्या लग्नात देऊ. "मला घर नको, सोनं नको, पोटगीही नको, पण दोन्ही मुलं द्या, असं लिहून दिलं तर ते मानतील का? हप्ते त्यांनीच भरलेत, त्यामुळे घरावर हक्क सांगायला मला तसंही तोंड नाही. मुलाला अजून काही सांगितलेलं नाही. बाबांची बदली झाली आहे, एवढंच त्याला माहीत आहे."

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचा प्रश्न आहे, ते मानतील का? बहुतेक मानतील. न मानायला त्यांना कारणच नाही. एवढ्या स्वस्तात कोण नाही म्हणेल?

कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काढली. 'मला काही नको, फक्त मुलं द्या' हे वाक्य तिथं इतक्यांदा ऐकलं, की ते कानावर पडलं की मी समोरच्या बाईला आधी हातातलं पेन खाली ठेवायला सांगायची. त्या वाक्यात खोट नसते, माया असते. पण त्यानंतर ज्या कागदावर सही होते, त्यात सहसा हिशेब नसतो. तुम्ही घर सोडलंत तर मुलांना घेऊन राहणार कुठं? तुमच्या भागात दोन खोल्यांचं भाडं किती आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. शाळेची फी, रिक्षा, मुलीची पाळणाघराची सोय, हे सगळं 32,000मध्ये बसवून बघा. बसणार नाही. मग दीड-दोन वर्षांनी नवऱ्याकडे हात पसरावा लागेल, आणि तेव्हा ऐकून घ्यावं लागेल की तुम्हीच तर लिहून दिलं होतंत.

म्हणून आधी दोन वह्या करा. खरोखरच्या, दुकानातून आणलेल्या. एकीत फक्त मुलांचं लिहायचं: कुठं राहतील, कोण सोडेल, कोण आणेल, सण, सुट्ट्या, आजारपण, खर्च. दुसरीत पैशाचं: घर, कर्ज, सोनं, ठेवी. एका वहीतली ओळ सोडून दुसऱ्या वहीतली ओळ मिळवायची नाही. तुमच्या बैठकीत नेमकं तेच झालं. तीन कर्त्या माणसांनी मुलं आणि फ्लॅट एकाच यादीत घेतले आणि यादी अर्धी-अर्धी केली. सर्वोच्च न्यायालयानं 1973 सालीच रोझी जेकब खटल्यात बजावून ठेवलंय की मुलं म्हणजे मालमत्ता नव्हे आणि आईबापांची खेळणीही नव्हेत. पण निफाडच्या ओसरीपर्यंत ते पोचायचं असावं.

आता मुलांची वही.

'मुलगा त्यांचा, मुलगी तुझी' यात कायदा कुठंच नाही. दिरांनी तो वापरला असेल तर असा वापरला असेल: बाप हा नैसर्गिक पालक, सबब मुलगा बापाचा. 1956च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात वडिलांचं नाव आधी आहे, हे खरं. पण त्याच कायद्यात असंही आहे की पाच वर्षांच्या आतलं मूल सर्वसाधारणपणे आईजवळ असावं, आणि सगळ्यांच्या वर असं की मुलाचं हित सर्वांत महत्त्वाचं. पालक असणं वेगळं, ताबा वेगळा. मुलीला पाचवं वर्ष लागून संपलं की ती आपोआप वडिलांकडे जाते, अशी एक समजूत घरोघरी असते. ती चुकीची आहे. आणि उलटी समजूतही चुकीची आहे, की कोर्ट डोळे मिटून आईलाच मुलं देतं. मुलं आज कुठं रुळली आहेत, शाळा कुठली, घरी आल्यावर त्यांच्याजवळ कोण असतं, दोघांपैकी कोण दुसऱ्याला मुलं भेटू देतं, हे सगळं पाहिलं जातं. भावंडांची ताटातूट करायला न्यायाधीश सहसा राजी नसतात, आणि मला वाटतं बरोबरच करतात. घरात रोज एकमेकांच्या वेण्या ओढणारी मुलं पुढं फक्त भाऊबीजेला भेटणार, हे ठरवायला बैठकीत कुणाला काही वाटलं नाही, याचं मला नवल वाटलं. आई-बाप वेगळे होताना त्या दोघांना एकमेकांचाच काय तो आधार असतो.

तुमचा मुलगा 11 वर्षांचा आहे. समज आलेल्या मुलाचं मत न्यायालय विचारात घेऊ शकतं. न्यायाधीश किंवा समुपदेशक त्याच्याशी एकट्याशी बोलतात. पण ते मत म्हणजे निकाल नसतो. म्हणून घरात त्याला 'तुला कुणाकडे राहायचंय?' हा प्रश्न तुम्ही विचारू नका, त्यांनाही विचारू देऊ नका, मामाला आणि काकाला तर मुळीच नाही. त्या प्रश्नाचं कुठलंही उत्तर दिलं तरी मुलाला कुणाशी तरी बेइमानी केल्यासारखं वाटतं. त्याला कुठली शिकवणी आवडते, शाळेत कोण मित्र आहेत, शनिवारी त्याला काय करायचं असतं, हे विचारा. वहीत भरायला तेच उपयोगी पडतं.

आता एक प्रश्न तुम्हाला. दोन्ही मुलं तुमच्याकडे राहिली, तर वडिलांचं काय? तुमच्या पत्रात हप्ते भरणारा माणूस आहे, पण बाप म्हणून तो फारसा दिसत नाही. चौदा महिन्यांत तो मुलांना किती वेळा भेटला, कुठं भेटला, काही लिहिलेलं नाही. तो भेटत नसेल तर ती एक गोष्ट. पण तुम्ही बदलीचं सांगून ठेवल्यामुळे त्याला मोकळेपणानं येता येत नसेल, तर ती दुसरी गोष्ट, आणि ती तुमच्याकडची. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020च्या यशिता साहू निकालात मुलाला आई आणि वडील दोघांचं प्रेम मिळण्याचा हक्क आहे असं म्हटलंय, आणि समोरासमोर भेटीखेरीज फोन-व्हिडिओ कॉलवरच्या संपर्काचाही स्वतंत्र विचार आहे. ताबा तुमच्याकडे आणि वडिलांसाठी भरपूर, ठरलेला, लिहिलेला वेळ, हे तुमच्या घरासाठी मला जास्त बरं दिसतं. 'वाटेल तेव्हा भेटा' असं कधीच लिहू नका. दिसायला ते मोठ्या मनाचं वाक्य आहे, पण भांडणं त्याच्यावरूनच होतात.

तुमच्या माणसांना लागू पडेल असं लिहा. सासरी द्राक्षबाग आहे म्हणता. म्हणजे छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत नवरा सुट्टीच्या दिवशी शेतावर असणार. त्या महिन्यांतले शनिवार-रविवार कागदावर त्याला देऊन काय उपयोग? त्याऐवजी मे महिन्यातले सलग दिवस द्या. गणपती कुठं बसतात? निफाडलाच ना? मग ते तिकडे, दिवाळीचे पहिले दोन दिवस तुमच्याकडे, भाऊबीजेला दोन्ही मुलं एकत्र. सासूबाईंचंही लिहा. मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत त्याच तिला सांभाळत होत्या, हे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. लॉकरच्या सोन्यावरून तुम्हाला त्यांचा राग आहे, आणि तो रास्त आहे. पण सोनं पैशाच्या वहीत. आजी या वहीत.

आणि बारीक गोष्टी लिहा, बारीक म्हणून सोडू नका. एक जोडपं मला आठवतं, येवल्याकडचं. तीन तास बसून त्यांनी फ्रिज, सोफा, स्कूटर, एफडी सगळं वाटलं, कन्सेन्ट टर्म्सचा, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींचा, मसुदा तयार झाला, दोघं दमून उठले. बाहेरच्या बाकावर त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा पाण्याची बाटली मांडीत धरून बसला होता. त्यानं एवढंच विचारलं, "माझी आसारी कुठल्या घरी राहणार?" आसारी म्हणजे पतंगाच्या मांज्याची फिरकी. संक्रांत आठ दिवसांवर आली होती. येवल्यात पतंगाच्या दिवसांत आसारी हाताशी नसणं म्हणजे काय, ते तिथल्यांनाच विचारा. आई-बाप एकमेकांकडे बघत राहिले. बारा पानांच्या मसुद्यात ती कुठंच नव्हती. तुमच्या घरातली आसारी कुठली, ते तुम्हालाच शोधायचंय. पीटीचे पांढरे बूट असतील, तबला असेल, मुलीची ती एक गोधडी असेल जिच्याशिवाय तिला झोप येत नाही. ज्या वस्तू दोन्हीकडे लागतात त्या शक्यतो दोन घ्या. सोमवारी सकाळी साडेसहाला पांढरे बूट दुसऱ्या घरी राहिल्याचं लक्षात येणं हे घटस्फोटित घरांतलं नेहमीचं भांडण आहे, आणि ते साताठशे रुपयांत टळतं.

मुलांच्या खर्चाबद्दल ठाम राहा. तुम्हाला स्वतःसाठी पोटगी नको असेल तर तो तुमचा निर्णय. माझ्या मते घाईचा, पण तुमचा. मुलांच्या पालनपोषणाचा हक्क मात्र मुलांचा आहे, तो आईला परस्पर सोडून देता येत नाही. आज काय लागतं, दर वर्षी किती वाढ, दहावीनंतरचं शिक्षण, आजारपण, हे वेगवेगळं लिहा. 'एकरकमी घ्या आणि विषय संपवा' म्हणतील. चार वर्षांच्या मुलीचं इंजिनिअरिंग आजच्या भावानं कोण मोजणार?

आता दुसरी वही, आणि तुमचं ते वाक्य: 'हप्ते त्यांनीच भरलेत.'

बरं, मग तुमचा पगार कुठं गेला? किराणा, दूध, दोन मुलांची फी, गॅस, वीजबिल, सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन. पत्रातच लिहिलंय तुम्ही. त्याच्या खात्यातून हप्ता जाऊ शकला, कारण घर तुमच्या खात्यावर चाललं होतं. आपल्याकडे बहुतेक नोकरदार घरांत अशीच वाटणी असते. बाईचा पगार खाण्यात विरघळतो आणि पुरुषाचा पगार विटांमध्ये साठतो. वीस वर्षांनी विटा दिसतात, पोळ्या दिसत नाहीत. त्यात तुमच्या बाबतीत सुरुवातीचे सहा लाख तुमच्या वडिलांचे. ते खात्यातून दिले असतील तर बँकेचं स्टेटमेंट या आठवड्यात काढा.

हेही स्पष्ट सांगते की लग्न मोडलं की सगळ्याचा निम्मा वाटा आपोआप बायकोला मिळतो, असा कायदा महाराष्ट्रात नाही. (गोव्यात आहे. तिथं पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेनुसार लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक धरतात. गोव्याच्या वाचकांनी हा परिच्छेद स्वतःला लावू नये.) इथं मालमत्ता कुणाच्या नावावर आहे, कुणाच्या पैशातून आली, यावर खूप काही ठरतं. तुमचं नाव करारनाम्यावर आहे, कर्जातही आहे. ही तुमची बळकट बाजू आहे, आणि नेमकी तीच तुम्ही सोडायला निघाला आहात.

फ्लॅट मुलांच्या नावावर करण्याचा तोडगा ऐकायला फार गोड आहे. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या असतील. पण अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांच्या नावावरचं स्थावर न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. उद्या तुम्हाला पुण्याला चांगली नोकरी मिळाली, मुलाच्या शिक्षणाला पैसा लागला, तर प्रत्येक वेळी कोर्टात अर्ज. दुसरं, त्यावर अजून सुमारे 25 लाखांचं कर्ज आहे. बँकेच्या संमतीशिवाय नाव बदलत नाही. आणि हप्ते कोण भरणार? तिसरं मी अनुभवानं सांगते. 'घर दिलंय की मुलांना' असं एकदा झालं की पुढच्या जूनमध्ये फीसाठी फोन केल्यावर तेच वाक्य ऐकायला मिळतं.

त्यापेक्षा सरळ हिशेब करा. तुमच्या म्हणण्यानुसार आज फ्लॅटची किंमत 70 लाख आहे. त्यातून 25 लाख कर्ज वजा करा. उरले 45. बोलणी या 45वर करायची, 70वर नाही. मग मार्ग तीन दिसतात. विकून वाटून घ्या. किंवा एकानं दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्या. तुमच्या पगारावर बँक पूर्ण कर्ज तुमच्या एकटीच्या नावावर करेल का, ते आधी विचारा, मला शंका आहे. किंवा मुलाची दहावी होईपर्यंत घर ठेवा, तुम्ही आणि मुलं तिथं राहा, हप्ता कोण भरेल, सोसायटीचा मेंटेनन्स कोण, घरपट्टी कोण, हे लिहा, आणि त्यानंतर विकण्याची तारीख घाला. तारीख नसेल तर हा मार्ग धरू नका. मला तुमच्यासाठी तिसरा पटतो. मुलांची शाळा बदलत नाही, आणि सगळं एकाच वर्षी मोडत नाही.

एक इशारा इथंच. तुम्ही दोघांनी आपसात काहीही लिहिलं तरी ते बँकेला बांधील नसतं. हप्ता थकला तर नोटीस दोघांना येते, सिबिल दोघांचं बिघडतं. आणि एकानं हिस्सा दुसऱ्याच्या नावावर करायचं ठरलं, तर ते कधी करायचं हे महत्त्वाचं आहे. महाराष्ट्रात नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये लागतं, इतर आकार वेगळे. घटस्फोटानंतर तुम्ही नवरा-बायको उरत नाही, म्हणजे ती सवलतही उरत नाही. वकिलाशी हे नावानिशी बोला.

सोनं. लग्नात तुम्हाला माहेरून आणि सासरहून जे अंगावर घातलं ते तुमचं स्त्रीधन. लॉकर सासूबाईंच्या नावावर आहे म्हणून ते त्यांचं होत नाही. प्रतिभा राणी खटल्यात 1985 सालीच सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. 'मुलीच्या लग्नात देऊ' हे वाक्य ऐकून मला हसू आलं. मुलगी चार वर्षांची आहे हो! लग्नाचे फोटो काढा, सराफाच्या पावत्या आईकडे असतील त्या मागवा, पाटल्या किती तोळ्यांच्या, गंठण कुणी घातलं, ठुशी कुणाची, यादी करा. भांडण न करता ती यादी मसुद्यात घालायला लावा.

निफाडच्या द्राक्षबागेवर सून म्हणून तुमचा हक्क नाही, तिकडे बघू नका. पण ती जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलांचा हक्क तुमच्या घटस्फोटानं तुटत नाही, आणि हिंदू वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही मुलाइतकाच आहे. मुलांच्या वतीनं 'शेतीवर हक्क सांगणार नाही' असं कुणी लिहून मागितलं तर सही करू नका. तो हक्क तुमचा नाहीच, तर तुम्ही सोडणार कसा?

परस्पर संमतीच्या अर्जाला एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तुमचं झालं आहे. अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. 2017च्या एका निकालानंतर न्यायालय काही परिस्थितीत ते माफ करू शकतं, पण तुम्ही त्या मागे लागू नका. हे सहा महिने तुमच्या फायद्याचे आहेत. ठरवलेलं वेळापत्रक चालवून बघा. कुठं अडतं ते तेव्हाच कळेल, आणि दुसऱ्या तारखेपर्यंत दुरुस्त करता येईल. मुलांच्या ताब्याचे आदेश तर पुढंही, परिस्थिती बदलली की, बदलून मागता येतात. दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेची शपथपत्रं द्यावीत, असा आग्रह धरा. पीएफ, शेअर्स, विमा, सगळं त्यात येऊ द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथं स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे पगारदार बायकांना सहसा माहीत नसतं.

हे सगळं मी तुमच्या घरात मारहाण नाही, धाक नाही, असं धरून लिहिलंय. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी वह्या करत बसू नये. त्यांनी आधी सुरक्षित जागी जावं आणि 2005च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण मागावं. वाटाघाटी त्यानंतर.

राहिला मुलगा आणि ती बदली. सातपूर तुमच्या घरापासून किती लांब आहे? अकरा वर्षांच्या मुलाला गूगल मॅप्स वापरता येतो. माझा अंदाज, त्याला ठाऊक आहे, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तो बदलीवर विश्वास ठेवल्यासारखं करतोय. तुम्ही दोघांनी मिळून सांगा, एकानं नाही. मुलीला आणि त्याला वेगवेगळं सांगा, कारण तिला 'बाबा वेगळ्या घरी राहतात, शनिवारी येतात' एवढंच पुरेल. त्याला कारणं लागतील. सगळी देऊ नका, पण खोटं एकही देऊ नका. रविवारी रात्री सांगू नका, दुसऱ्या दिवशी शाळा असते. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर सांगा, म्हणजे विचारायला त्याच्याकडे अख्खी संध्याकाळ राहील. बाबांनी जाताना पुढच्या शनिवारची वेळ त्याला स्वतः सांगावी, आणि त्या वेळेला यावं.